मानवत ते केदारनाथ, व्हाया नेमगिरी

परभणी जिल्ह्यात डोंगर नाहीत असं नाही. जिंतूरकडे आहेत, गंगाखेडच्या अंगाला बालाघाट आहे. पण वाटणीच्या वेळी मानवत तालुक्याच्या पदरात काही पडलं नाही. आमच्याकडे काळी जमीन, ती सपाट, आणि तिच्यावर कापूस. गावातली उंच ठिकाणं सांगायची तर पाण्याची टाकी, जिनिंगमधला सरकीचा ढीग आणि माझ्या दुकानातली उधारी. यातलं तिसरं दरवर्षी थोडं वाढतं. भूगोलाच्या पुस्तकात असं फक्त हिमालयाबद्दल लिहिलेलं असतं.

माझं दुकान बी-बियाणं आणि खताचं. जून महिन्यात आम्हा लोकांना मरायलाही सवड नसते. कुणी गेलंच तर तेराव्याला पेरणी उरकलेली असावी एवढीच घरच्यांची प्रार्थना. अशा जून महिन्यात, २०१३ साली, मी उत्तराखंडच्या डोंगरात मदतकार्याला जायचं ठरवलं.

त्याआधीचं साल मराठवाड्याला कोरडं गेलं होतं. जालन्याकडे मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या. त्यामुळे २०१३चा पाऊस वेळेआधी येतोय म्हटल्यावर आम्ही आभाळाला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तेव्हाच्या सरासरीप्रमाणे अख्खा देश व्यापायला मान्सूनला १५ जुलै उजाडायचा. त्या वर्षी तो १६ जूनलाच सगळीकडे पोचला. इकडे माझ्या दुकानापुढे कापसाच्या पाकिटांसाठी रांग लागली, आणि तिकडे त्याच पावसानं मंदाकिनीला पूर आणला. १७ जूनच्या सकाळी केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला. रामबाडा नावाचं मुक्कामाचं ठिकाण होतं, ते नकाशावरून गेलं. चारधामला गेलेले मराठवाड्यातले कितीतरी लोक वर अडकले होते.

हे सगळं आम्ही समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर बघत होतो. कुणीतरी म्हणालं, "कुणीतरी गेलं पाहिजे राव." मी बशीतला चहा फुंकत म्हणालो, "मी जातो."

खरं सांगायचं तर हे वाक्य मी म्हटलं नाही, ते निघालं. पण मानवतमध्ये निघालेलं वाक्य परत आत जात नाही. चहा संपेपर्यंत मी एकटा जाणार होतो. बिल देईपर्यंत दोन ट्रक सामान घेऊन जाणार होतो. घरी पोचलो तेव्हा बायकोनं दारातच विचारलं, "लष्करात भरती झालात म्हणे?"

मी तिला परिस्थितीचं गांभीर्य समजावलं.

"पण जूनमध्ये?" ती म्हणाली.

"आपत्ती काय महिना बघून येते?"

"आपत्ती नाही बघत. गिऱ्हाईक बघतं."

आता माझ्या मनात नुसती करुणाच होती असं म्हटलं तर बायको हा लेख वाचताना हसेल. करुणा होतीच, पण तिच्या पोटात एक दुसरं कारण होतं. बाहेरगावी कुठंही गेलं आणि मानवतचा म्हणून सांगितलं, की समोरचा दोनच गोष्टी काढतो. एक तर कापूस, नाहीतर १९७२ ते ७४चं ते खूनसत्र. एका महिला प्रवाशानं तर मी मानवतचा आहे कळल्यावर एसटीत जागा बदलली होती. मला वाटायचं, एकदा तरी पेपरात गावाचं नाव चांगल्या कारणानं यावं, आणि त्याच बातमीत चुकून माझंही यावं.

गावानं ही इच्छा फार लवकर मनावर घेतली. चौकात फ्लेक्स लागला. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हटलं गेलं, ते आमच्या फ्लेक्सवाल्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्यानं छापलं, 'हिमालयाच्या हाकेला मानवत धावला!' मागं बर्फाचं शिखर, पुढं माझा खत परवान्यासाठी काढलेला पासपोर्ट फोटो. शिखरावर सूर्य उजवीकडून येत होता आणि माझ्या चेहऱ्यावर डावीकडून. खाली तेवीस शुभेच्छुकांची नावं होती. त्यातल्या निम्म्यांकडे माझी मागच्या खरिपाची बाकी होती. मी जाऊन बरेच दिवस येऊ नये या शुभेच्छा मनापासूनच्या होत्या.

फ्लेक्स लागल्याबरोबर सामान यायला लागलं. सामान म्हणजे कपडे. मला खरं तर हे कळायला हवं होतं, कारण किल्लारीचा भूकंप मी पाहिला होता. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटलेली, पहाटेचे तीन छप्पन. आमच्याकडेही भांडी वाजली होती. पुढं आम्ही पोरं पोरं टेम्पोत भाकरी घालून तिकडे गेलो, आणि रस्त्यावर मदत करणाऱ्यांपेक्षा बघायला आलेल्यांचीच दाटी झालेली पाहिली. एका वळणावर जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. त्यात सफारी होते, टाय होता, उंच टाचेची एक चप्पल होती, दुसरी नव्हती. ज्याचं घर पडलंय तो मळकट धोतरातला म्हातारा त्या ढिगाकडे बघतही नव्हता. तो सारखा एकच विचारत होता, माझ्या बैलांना वैरण कुणी आणली का?

एवढं पाहिलेला मी, पण देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आमच्या ओसरीवर ढीग चढायला लागला. लग्नातले फेटे आले, शाळेचे गणवेश आले, मागच्या निवडणुकीतल्या एका पक्षाचे टी-शर्ट आले. एका सद्‌गृहस्थानं शेरवानी दिली आणि वर बजावलं, "एकदाच घातलेली आहे." आई त्या ढिगाकडे बघून म्हणाली, "आरं, तिथल्या लोकांचं घर वाहून गेलंय. लगीन नाही निघालं."

आता सॅक. डोंगरात जाणाऱ्याच्या पाठीवर सॅक असते हे टीव्हीत दिसत होतं. मानवतमध्ये शाळेचं दप्तर मिळत होतं, त्यावर छोटा भीम होता. शेवटी ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराला गाठलं. त्यानं खळ्यावर टाकतात त्या जाड ताडपत्रीची सॅक शिवून दिली आणि पट्टे लावले ते बैलाच्या झुलीचे, लाल गोंड्यांसकट. गोंडे काढ म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या. दुरून दिसाल."

सॅक भरायला घरातला प्रत्येक जण पुढं आला. मी दुकानातून कासरा, विळा, गमबूट, बॅटरी आणि फवारणीचा मास्क घेतला. बायकोनं दोन स्वेटर आणि कानटोपी कोंबली. आईनं दशम्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू आणि लोणच्याची चिनीमातीची बरणी दिली. बरणी नको म्हणालो तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून बरणी आत आणि ओआरएसची पाकिटं बाहेर. मग सॅक दुकानातल्या काट्यावर ठेवली. एकतीस किलो. ती उतरवून गंमत म्हणून मीही काट्यावर उभा राहिलो. पंच्याऐंशी. दुकानातल्या पोरानं सवयीनं विचारलं, "बिल कुणाच्या नावानं?"

आमच्या दुकानात एक हमाल आहे, वय पन्नाशीकडे झुकलेलं, स्वतःचं वजन खताच्या पोत्याहून थोडंच जास्त. मी सॅक पाठीवर घ्यायला गेलो आणि तिच्यासह मागं आडवा झालो तेव्हा त्यानं मला काखेत हात घालून उठवलं.

"मालक, तुम्ही काय करायलाव हे?"

"सवय करतोय."

"आसं नसतंय." त्यानं डीएपीचं पोतं ओढलं. आधी पाय ठरवले, एक पुढं, एक मागं, टाचा टेकलेल्या. मग गुडघ्यात बसला. पाठीवर दुमडलेलं बारदान टाकलं, पोत्याचे दोन कान मानेमागून धरले, श्वास सोडला आणि नुसते गुडघे सरळ केले. पन्नास किलो वर गेले आणि त्याचा चेहरा हललाही नाही. "वजन पायानं उचलायचं, मालक. पाठ नुसती नेती. आन् बोलायचं नाही. बोललं की दम जातो."

त्यातलं शेवटचं मला अवघड होतं.

चढाचा सराव कुठं करायचा हा पुढचा प्रश्न. सरकीच्या ढिगावर प्रयत्न केला. सरकी एक पाऊल वर नेते आणि दीड पाऊल खाली आणते. त्यातून बाहेर आलो तेव्हा खिशात, कानात आणि बनियनमध्ये एवढी सरकी होती की म्हशीनं माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. मग उरली टाकी.

पहाटे कुणी नसताना मी सॅक घेऊन टाकीच्या जिन्यानं चढायला लागलो. अर्ध्यात दम लागला म्हणून कठडा धरून उभा राहिलो. वरून खाली बघतो तर दूध घालायला निघालेले दोघे सायकली थांबवून वर बघत उभे. मी हात केला. ते बिचारे घाबरले. मराठी पेपर वाचणाऱ्याला पाण्याच्या टाकीवर चढलेला माणूस दिसला की एकच गोष्ट सुचते, शोलेस्टाईल आंदोलन. बघता बघता खाली माणसं जमली. एक स्थानिक पत्रकार कॉलर लावत धावत आला आणि ओरडला, "मागण्या काय आहेत?"

"मागण्या नाहीत! सराव आहे!" मी ओरडलो. खाली फक्त 'मागण्या' ऐकू गेलं.

"लेखी आश्वासन पाहिजे का?"

तेवढ्यात गर्दीतल्या एका शेतकऱ्यानं अचूक निदान केलं, "बियाण्याचा दुकानदारच टाकीवर चढला राव. बियाणं बोगस निघालं वाटतं!"

मी उतरून दुकानावर पोचायच्या आत रांग लागलेली होती. नेहमीची नव्हती, पाकिटं परत करणाऱ्यांची. ४५० ग्रॅमचं पाकीट तळहातावर ठेवून प्रत्येक जण मला विचारत होता, "खरं सांगा, उगवतंय ना?" बायको गल्ल्यावर बसलेली होती. ती काही बोलली नाही. बोललं की दम जातो हे तिलाही ठाऊक असावं.

पुण्यात माझा भाचा असतो. सह्याद्रीतले गड पालथे घालतो, कुणी दरीत पडलं तर काढायला जाणाऱ्या पोरांमध्ये त्याची ऊठबस आहे. त्याला फोन केला. म्हटलं, तिथं कुणाची तरी ओळख काढ.

"मामा, आधी मी विचारतो त्याची उत्तरं द्या. गौरीकुंडापासून केदारनाथ चौदा किलोमीटर चढ होता. आता ती वाटही राहिली नाही. वजन घेऊन चालाल?"

"सवय करतोय."

"आठवडाभर स्वतःचं खाणं, पाणी, झोपणं स्वतः बघाल? दुसऱ्याकडे काही मागायचं नाही."

"लोणचं आहे."

"प्रथमोपचार? दोराची गाठ? हाड मोडलेला माणूस स्ट्रेचरवर कसा बांधतात? डोंगरात गाडी चालवता? गढवाली कळते?"

मी म्हणालो, "युरिया आणि डीएपी अंधारात नुसत्या हातानं ओळखतो."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यानं उंचीचं सांगितलं. मानवत समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर. केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आत-बाहेर, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप उडणं सुरू होऊ शकतं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात नाहीतर मेंदूत पाणी साचतं. आणि यात पैलवान-बिलवान काही चालत नाही. तरणाताठा माणूस आडवा होतो आणि काठी टेकत आलेली म्हातारी चालत राहते. हळूहळू चढणं, वाटेत मुक्काम करणं आणि त्रास झाला की खाली उतरणं, एवढाच उपाय. मदतीला धावणाऱ्याला नेमका हळूहळू चढायलाच वेळ नसतो.

"निदान एकदा खऱ्या डोंगरावर सॅक घेऊन जाऊन या," तो म्हणाला. "मग बोलू."

म्हणून सेलूमार्गे जिंतूर, आणि जिंतूरजवळची नेमगिरी. जैनांचं जुनं तीर्थ आहे. टेकडीच्या पोटात गुहा आहेत आणि त्यात तीर्थंकरांच्या मोठ्या पाषाणमूर्ती. त्यातली पार्श्वनाथांची मूर्ती इवल्याशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे, बघणाऱ्याला अधांतरी वाटते म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. एवढ्याशा आधारावर ती मूर्ती शतकानुशतकं तोल सांभाळून आहे. मी दोन पाय आणि गमबूट असूनही जे केलं ते पुढे आहे.

मी पायऱ्यांचा सोपा रस्ता सोडला आणि टेकडीच्या आडरानानं चढायला लागलो. हिमालयात पायऱ्या कोण देणार? जून असूनही ऊन मी म्हणत होतं. थंडीची सवय व्हावी म्हणून मी एक स्वेटर घातला होता. यामागचा विचार आता मला सांगता येणार नाही, तेव्हा तो फार सरळ वाटला होता. थोड्याच चढावर डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. बाजूला शेळ्या राखणारी दोन पोरं होती. त्यांनी हातातला खेळ थांबवला. फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम त्या माळावर रोज येत नसावा.

मुरमावर गमबूट सरकला. झुलीचा पट्टा तुटला. सॅक गोंडे उडवत माझ्या पुढं गेली आणि मी तिच्या मागं. ती थांबली ती एका टणटणीच्या झुडपात; मी त्याच्या अलीकडे, उजवा पाय अंगाखाली घेऊन. शेंगदाण्याचे लाडू उताराला लागले आणि शेळ्यांनी ते वाटेतच अडवले. बरणी मात्र शाबूत. आईचा हात.

पोरं आली. मोठ्यानं घोटा चाचपला आणि म्हणाला, "काका, मोडलाय का मुरगळलाय ते सांगता येत नाही. तुम्ही हलू नका." धाकट्यानं माझ्याच सॅकमधून माझाच कासरा काढला, माझ्याच कानटोपीनं घोटा गुंडाळून त्यावर माझ्याच विळ्याचा दांडा लावला आणि घट्ट बांधला. मग ओआरएस आहे का म्हणून सॅक उचकली. नव्हतं. त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. दोघांनी मला खांद्यावर हात टाकून खाली आणलं आणि वर दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाच्या जीपमध्ये बसवलं. त्या कुटुंबातल्या आजीबाईंनी मला केळं दिलं आणि डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "एकटेच आलात का बाळा? घरचं कुणी सोबत नाही?"

मदतकार्य कसं असतं याचा पहिला प्रत्यक्ष अनुभव मला तिथं मिळाला. त्यात मी आपद्‌ग्रस्त होतो एवढंच.

डॉक्टरांनी प्लास्टर घालताना रक्तदाबही मोजला. आकडा बघून पट्टी काढली, परत बांधली आणि परत मोजला. म्हणाले, "तुम्ही केदारनाथला जाणार होता?"

"हो."

"कुणाच्या मदतीला?"

"लोकांच्या."

"आणि तुमच्या मदतीला कोण येणार होतं?"

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो हसला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "मामा, हेलिकॉप्टरचं एक सांगतो. विरळ हवेत त्याला खालच्याइतकं वजन उचलत नाही. पायलट माणसागणिक हिशेब करतो. वर गेलेला प्रत्येक माणूस कधीतरी खाली आणावा लागतो. ज्याचं वर काही काम नाही असा एक माणूस वर गेला, की खाली यायला थांबलेल्या एकाची जागा तो खातो."

त्या आठवड्यात, २५ जूनला, केदारनाथहून परतणारं वायुदलाचं एमआय-१७ गौरीकुंडाजवळ कोसळलं. वीस जण गेले. वायुदल, एनडीआरएफ, आयटीबीपी, सगळे त्या कामातले तयार लोक. आम्ही घरी टीव्ही बंद करून बसलो. त्या लोकांनी आणि त्यांच्यासारख्यांनी उत्तराखंडातून लाखावर माणसं बाहेर काढली. तयार माणसालाही डोंगर सवलत देत नाही. मग माझ्या लोणच्याला कुठून देणार?

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभनी. बाहेर जमलं नाही तर आपली परभणी आहेच. आणि परभणी जिल्ह्यानं मला असं सांभाळून घेतलं की विचारू नका.

झालं असं की मी प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडलेला, आणि चौकात फ्लेक्स तसाच. दुकानावर बायको आणि हमाल. कुणी विचारलं तर बायको सांगायची, "ते नाहीत." दुकानात नाहीत या अर्थी. गावानं हिशेब केला. माणूस दिसत नाही, फ्लेक्स दिसतोय, म्हणजे वर पोचला. जुलैत मी काठी टेकत बाहेर पडलो तर पहिल्याच माणसानं वाकून पायाला हात लावला. "कधी आलात?"

मी म्हणालो, "कालच." ओसरीवर, कालच.

"पाय तिकडंच गेला?"

"डोंगरात."

"वर फार हाल असतील?"

"हाल तर आहेतच."

यातला एकही शब्द खोटा नाही. शाल आणि नारळ आले तेव्हा मी थोडं स्पष्ट सांगायचा प्रयत्न केला, पण सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माईक घेत सांगितलं की मोठी माणसं स्वतःच्या कामाबद्दल बोलत नाहीत. टाळ्या पडल्या. टाकीखाली कॉलर लावत आलेल्या पत्रकारानं चौकट छापली. गावाचं नाव चांगल्या कारणानं पेपरात आलं. माझं आडनाव चुकलं होतं.

ओसरीवरच्या ढिगाचं आईनं बघितलं. गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि फेट्यांपासून प्रचाराच्या टी-शर्टांपर्यंत सगळ्याच्या गोधड्या शिवल्या. त्या थंडीत ऊसतोड्यांच्या कोपींवर गेल्या. एका गोधडीच्या मधोमध अख्खी शेरवानी आहे, बटणांसकट. जमलेले पैसे पावतीनिशी मुख्यमंत्री सहायता निधीत भरले. त्या सगळ्या प्रकरणात उत्तराखंडाच्या नावानं मानवतमधून बाहेर पडलेली उपयोगाची गोष्ट तेवढीच.

तेव्हापासून मी तालुक्यातला आपत्तीतज्ज्ञ आहे. कुठं काही घडलं की पोरं येतात. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही आली. वाडी इर्शाळगडाच्या अंगावर, गाडीरस्ता नाही, जेसीबी नेता येत नाही, पावसापुढं हेलिकॉप्टरचं चालत नाही. हातातली फावडी घेऊन माणसं पायी चढली, त्यात आसपासचे, ती वाट पाठ असलेले गिर्यारोहक पुढं होते. मदतीला चढणारा नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढावरच हृदयविकारानं गेला. मी पोरांना भाच्याचे सगळे प्रश्न विचारले, त्याच क्रमानं. वजन घेऊन चालाल? आठवडाभर कुणाकडे काही मागणार नाही? गाठ येते? एकाला पोहता येत होतं. त्याला सांगितलं, तू गोदाकाठचा, तुझी पाळी इथंच येईल.

आली. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या. या खेपेला मदत बाहेरून आमच्याकडे येत होती, आणि बाहेरगावचे फोन मला. "काय पाठवू? कपडे गोळा केलेत." मी किल्लारीचा म्हातारा आठवून सांगायचो, वैरण पाठवा. ताडपत्री पाठवा. पोरांच्या वह्या भिजल्यात, त्या पाठवा. रब्बीला बियाणं लागेल, त्याचे पैसे राखून ठेवा. एकानं विचारलं, आम्ही दहा-बारा जण स्वतः येऊ का? मी विचारलं, पोतं उचलता येतं का? त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. फोन हमालाकडे दिला. त्यानं पाय कसे ठरवायचे इथपासून सुरुवात केली.

परवा हॉटेलात एका नव्या पोरानं विचारलंच, "काका, केदारनाथच्या वेळी तुम्ही नेमकं काय केलं होतं?"

आता वय झालं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे खरं सांगून टाकलं. म्हटलं, "अरे, पंच्याऐंशी किलो वजन वर जाऊ दिलं नाही मी. त्या हेलिकॉप्टरात तेवढी जागा रिकामी राहिली, ती मानवतची."

पोरगं भारावलं. शेजारच्या टेबलावर बायको भाजीची पिशवी घेऊन माझी वाट बघत बसली होती. ती म्हणाली, "एकशे सोळा सांगा. सॅकचे एकतीस धरले नाहीत तुम्ही."